भरणीतलं बंदर

अनंता हरडचा दिवस साडेचारला सुरू झाला. रविवार होता, गोदामाला सुट्टी होती, तरी साडेचारलाच. हमालाच्या अंगाला वार कळत नाहीत. पण त्या दिवशी जाग सवयीनं आली नव्हती. दहाच्या सुमाराला मुंबईहून निशा मॅडम खड्डा बघायला येणार होत्या, आणि खड्ड्याच्या भिंतीचा तळाकडचा पट्टा साफ करायचा राहिला होता.

त्याची बायको चंद्रा अंथरुणातूनच म्हणाली, "अवो, आज तरी झोपा जरा."

"आजच तर जायचं हाय."

"मॅडम काय भिंतीला डोळं लावून बघनार हायेत? वरवर पुसून या."

"वरवर पुसायचं तर जायचंच कशाला?" असं म्हणून त्यानं घमेल्यात थापी, खुरपं, रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि पाणी फवारायची बाटली टाकली, आणि तो निघाला.

अनंता काल्हेरच्या एका गोदामात हमाल होता. ट्रक लागला की मागचा फाळका पडतो, माल खाली होतो, आत थप्पी लागते. फरशांची खोकी, कापडाचे तागे, मिक्सर, पंखे, काय वाटेल ते. त्याची थप्पी लांबून ओळखू यायची. खालचा थर आडवा, वरचा उभा, कोपरा ओळंब्यात. दुसऱ्याची थप्पी कललेली दिसली तर तो गप्प बसून ती उतरवायचा आणि पुन्हा लावायचा. मुकादम म्हणायचा, "अनंता, पगार तेवढाच आहे रे." अनंता म्हणायचा, "थप्पीला काय माहीत पगार किती आहे ते?"

अशा माणसाला इतिहासाचं वेड लागलं ते एका खापरीमुळं. गोदामाच्या मागं पंढरीशेटची मोकळी जागा होती. दुपारी अनंता तिथं बाभळीखाली बसून भाकरी खायचा. एका पावसाळ्यात मातीतून हिरवट निळा, चकचकीत तुकडा वर आला. आधी त्याला वाटलं, खोक्यातलं भांडं फुटलं असेल. पण रोज फरशा हाताळणाऱ्याला चकाकी कळते. ही जाड होती, बुडबुडे धरलेली होती, आणि आतलं अंग पिवळसर, नखानं उकरेल इतकं मऊ होतं. असला माल कुठल्याच खोक्यातून येत नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा मिळाला. मग त्याची नजर जमिनीवरून हलेना.

तो भिवंडीच्या वाचनालयात गेला. तिथल्या माणसानं एक पुस्तक काढून दिलं, मग दुसरं. शिलाहार राजे, ठाण्याचं बंदर, कल्याणचं बंदर, समुद्रापार इराणच्या आखातातून येणारी गलबतं. अनंता शाळेत फार टिकला नव्हता. एकेक पान त्यानं दोनदा, तीनदा वाचलं. वाचताना त्याला एक वाक्य खटकू लागलं. सगळीकडे तेच लिहिलेलं: 'जहाजं बंदराला लागत, माल उतरे आणि बैलांच्या तांड्यांनी घाटावर जाई.' उतरे म्हणजे? माल कधी स्वतःहून उतरतो का? कुणाच्या तरी डोक्यावरून, पाठीवरून उतरला असेल. त्या माणसांचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. अनंताचं संशोधन इथून सुरू झालं. दहा-बारा वर्षं ते चाललं होतं.

निशा मॅडम मुंबईत पुरातत्त्व शिकवायच्या. वाचनालयातल्या माणसानंच त्यांचा नंबर दिला. अनंता त्यांना खापऱ्यांचे फोटो पाठवायचा, शेजारी पट्टी ठेवून. त्यांनी सांगितलं, निळा तुकडा इराणच्या बाजूच्या रांजणाचा, हजारेक वर्षांचा. राखी-हिरवा तुकडा चिनी वाडग्याचा. त्या दिवशी अनंतानं गोदामात पेढे वाटले. कशाचे, ते कुणाला नीट कळलं नाही.

मग त्यानं हिशोब मांडला. वसईकडून खाडीत शिरलेली गलबतं भरतीवर चढून कल्याणला जात. ओहोटी लागली की वाटेत थांबायचं. थांबली ती इथं, काल्हेरला. काही माल इथंच उतरला, फुटका माल इथंच टाकला. म्हणजे पंढरीशेटची जागा हा जुना धक्का. त्यानं निबंध लिहिला, चंद्राला वाचून दाखवला, खोडला, पुन्हा लिहिला. निशा मॅडमनी शिफारस केली. ठाण्याच्या एका इतिहास परिषदेनं तो घेतला. निमंत्रणात छापलं होतं: 'श्री. अनंता हरड, स्वतंत्र संशोधक.' मुकादमानं ते गेटवर चिकटवलं. येणारा-जाणारा ड्रायव्हर थांबून वाचायचा.

"स्वतंत्र म्हणजे काय रे, अनंता? बिनपगारी?"

"बिनपगारी आणि बिनसुट्टीचा," अनंता म्हणायचा. आतून मात्र त्याला गुदगुल्या व्हायच्या.

परिषद महिन्यावर आली होती. निशा मॅडमनी आजवर ती जागा पाहिली नव्हती. पंढरीशेटनं नवीन गाळ्यासाठी तिथं टाकीचा खोल खड्डा मारला, तेव्हा अनंतानं त्यांना फोन केला. भिंतीत खापऱ्या दिसत होत्या. मॅडम म्हणाल्या, रविवारी येते. पंढरीशेट म्हणाला, "रविवारपर्यंत काय ते बघून घ्या. सोमवारी मी काँक्रीट वततो."

अनंतानं ड्युटी सुटल्यावर रोज थोडी थोडी भिंत साफ केली होती. वरून सुरुवात, थापी तिरकी धरायची, खरवडायचं नाही, सोलायचं. मग फवारा मारून ब्रश. वर तांबूस मातीचा पुरुषभर थर, त्यात खापऱ्या. खाली राखाडी, चिकट, खाडीचा चिखल. तळाशी पाणी होतं म्हणून शेवटचा पट्टा राहिला होता. शनिवारी संध्याकाळी शेटनं पंप लावून पाणी उपसलं होतं.

उजाडता उजाडता अनंता खड्ड्यात उतरला. तांबूस माती जिथं संपते तिथून त्यानं चिखल सोलायला घेतला. मॅडमना तेवढंसं लागलंही नसतं. पण अर्धी साफ केलेली भिंत त्याला बघवली नसती. थापी सरकत सरकत कोपऱ्याजवळ आली आणि कशाला तरी अडली. दगड नव्हता. मऊ होतं. त्यानं ब्रश फिरवला. निळा पट्टा दिसला.

एक क्षण त्याला वाटलं, रांजणाची निळाईच आहे. त्यानं पाणी मारलं.

हवाई चप्पल होती. टाचेला झिजलेली, पट्टा निळा, अर्धी चिखलात, अर्धी बाहेर. तिच्यावर तांबूस मातीचा पुरुषभर थर. त्या थरात हजार वर्षांच्या खापऱ्या.

उंच थप्पी कोसळते तेव्हा आवाजाच्या आधी एक क्षण असतो. सगळी खोकी हवेत असतात आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. अनंता त्या क्षणात अडकला. हातातली थापी खाली पडली तेही त्याला कळलं नाही. चपलेवर हजार वर्षं कशी बसतील? बसणार नाहीत. म्हणजे वरची माती चपलेनंतर आली. म्हणजे ती आणून टाकली. म्हणजे इथं धक्का नव्हता, गलबतं नव्हती, ओहोटीची वाट बघणारं कुणी नव्हतं. चिखल होता, आणि एक चप्पल.

तो खड्ड्यातच उकिडवा बसून राहिला. वर स्कूटर थांबली. पंढरीशेट सोमवारच्या तयारीसाठी आला होता. तोंडात मिश्री, खांद्यावर टॉवेल.

"अरे अनंता! खड्ड्यात बसून काय करतंस? पडलास बिडलास का?"

"शेट, ही चप्पल बघा."

शेट वाकून बघू लागला. "मंग? चप्पल हाय. तुजी हाय का?"

"ह्या मातीच्या खाली आहे ती."

"आसंल. भरणी करताना कोना मजुराची रुतली आसंल. खाजणात पाय घातला का पाय येतो, चप्पल नाय येत."

"भरणी?" अनंता उभा राहिला. "कसली भरणी?"

"म्हंजे काय? ही जागा खाजण होती रे! भरतीचा पानी पार रस्त्यापर्यंत यायचा. बाबा होते तवा, वीस-बावीस वरसांपूर्वी, डंपर लावून भरली. आख्खा काल्हेर भरणीवर उभा हाय. तुजा गोदाम पन."

"मला कधी बोलला नाहीत तुम्ही!"

"तू कवा इचारलंस?" शेटला राग आला होता की हसू, कळत नव्हतं. "तू येतंस आनि इचारतंस, शेट, शिलाहार इथं कवा आले. मना काय म्हाईत शिलाहार कवा आले? मी बोल्लो, जुनी जागा हाय. जुनीच हाय. आज्याच्या नावावर हाय!"

हजार वर्षांपूर्वीचं अनंतानं गावात सगळ्यांना विचारलं होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं एकालाही विचारलं नव्हतं. तो आतल्या गावाकडचा, त्या वेळी भिवंडीच्या दुसऱ्या गोदामात होता; काल्हेरला आला तेव्हा जागा भरून झालेली, वर बाभळी उगवलेल्या. इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते इतकं साधं होतं की सांगावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

पंढरीशेटनं त्याचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "आसा तोंड करू नको रे. उपट ती चप्पल, फेक तिकडं. भोकात चिखल भर. मॅडम बघंल, खूश होऊन जाईल. उद्या काँक्रीट पडला का कोनाच्या बापाला दिसनार हाय?"

खरं होतं. एक हिसका आणि थापीचे दोन हात. भिंत लिंपायला अनंताहून चांगला माणूस त्या दिवशी काल्हेरात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो खड्डा कुणालाच दिसला नसता. परिषदेत निबंध वाचला असता, टाळ्या झाल्या असत्या, काल्हेरचा धक्का कुणाच्या तरी पुस्तकात गेला असता.

गोदामात काही हमाल एक गोष्ट करतात. फुटकं खोकं थप्पीच्या मधोमध घालतात आणि चहूबाजूंनी चांगली खोकी लावतात. मुकादमाला बाहेरून चारी बाजू साफ दिसतात. ती थप्पी पुढं कधीतरी दुसऱ्याच माणसाच्या पायावर येते. अनंतानं तसलं खोकं कधी घातलं नव्हतं. घालणाऱ्याशी तो बोलतही नसे.

त्यानं थापी उचलली आणि चपलेच्या भोवतालची भिंत आणखी साफ केली. चप्पल नीट दिसायला हवी म्हणून.

निशा मॅडम आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. चंद्रा चहाचा थर्मास घेऊन आली होती. अनंतानं चहा होऊ दिला नाही. "मॅडम, आधी खाली या," तो म्हणाला. त्यानं शिडी धरली. मॅडम उतरल्या, त्यानं बोट दाखवलं तिकडं बघितलं, आणि भिंतीसमोर खाली बसल्या.

मग हळू म्हणाल्या, "काका, मी तुमच्या निबंधाला शिफारस दिलीय. माझं नाव आहे तिथं."

"माझंही आहे मॅडम."

"तुम्ही मला दहा वर्षं खापऱ्यांचे फोटो पाठवलेत. ही जमीन पूर्वी काय होती, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्हीही नाही."

"नाही."

त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी चष्मा पुसला, पिशवीतून भिंग काढलं आणि तांबूस थर वरपासून खालपर्यंत तपासला. मग त्या शिकवताना बोलत असाव्यात तसं बोलू लागल्या. "हे बघा. माणसं राहतात तिथं खापऱ्या आडव्या पडलेल्या असतात, पायाखाली दबलेल्या. इथं एक उभी, एक तिरकी, एक पालथी. राखेचा पट्टा नाही, जमिनीचा थर नाही. सगळं घुसळलेलं. डंपरमधून ओतल्यासारखं. ही चप्पल नसती तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. फक्त तुमच्याआधी मी सांगितलं असतं."

म्हणजे चप्पल लपवली असती तरी उपयोग नव्हता, आणि मग मॅडमनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती नजर त्याला जन्मभर पुरली असती.

"मग दहा वर्षं गेली," तो म्हणाला.

"खापऱ्या खऱ्याच आहेत. काल होत्या तितक्याच जुन्या आजही आहेत. खोटी निघाली ती जागा." मॅडम उठल्या, गुडघे झटकले. "ही माती कुठून आली ते शोधा. ते सापडलं तर दहा वर्षं गेली असं मी म्हणणार नाही. आता चहा द्या."

सोमवारी खड्ड्यात काँक्रीट पडलं. अनंतानं गेटवरचं निमंत्रण स्वतः काढलं आणि परिषदेला फोन करून निबंध मागं घेतला. मुकादमानं विचारलं, "काय झालं रे?" "चुकलं," अनंता म्हणाला आणि ट्रककडं वळला.

भरणी कुणी केली, हे पंढरीशेटनं सांगितलं. डंपर हिरामण तऱ्याचा होता. म्हातारा आता मानकोलीला ओट्यावर बसून जाळं सांधायचा. अनंता ड्युटी सुटल्यावर त्याच्याकडं गेला.

"कंची भरणी?" हिरामणदादानं डोळे बारीक केले. "अर्धा काल्हेर मी भरलाय. कंची म्हून सांगू?"

"पंढरीशेटच्या बापाची. तांबूस माती. खापऱ्या होत्या तिच्यात."

"हां, ती!" म्हातारा हसला. "त्या मातीपायी त्याचा बाप माज्याशी भांडला. बोलला, मी मुरूम सांगितला, तू ह्यो मडक्यांचा कचरा काय आनलास? मी बोललो, शेट, टेकाडात जो निंगंल तो भरतो. मी काय मडकी घरी भाजून आनत नाय!"

"कुठलं टेकाड, दादा?"

"पार आतल्या बाजूचा. अंबाडीच्या रस्त्यानं आत, नदीच्या वळनावर. वर एक इजेचा खांब. खांबाची माती सोडा, नाय तर बोर्डाची मानसं बोंबलतील, म्हून पोकलेनवाला खांबाला गोल फिरून खोदायचा. टेकाडाचा मालक एक पोरगा होता. गरीब सोभावाचा. रोज चाय पाजायचा. इशाल... इशाल हरड."

विशाल हरड अनंताचा धाकटा भाऊ.

म्हाताऱ्यानं जाळ्यातून मान वर केली. "काय रे, काय जाला? पानी देऊ का?"

अनंताला पाणी नको होतं. त्याला भिवंडीच्या जुन्या गोदामाचं गेट दिसत होतं, वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. विशाल दुपारी कागद घेऊन आला होता. म्हणाला, दादा, वरकस जागा आहे, भाताचा दाणा पिकत नाही, मुरूमवाला टेकाड मागतोय, तुझी सही लागेल. ट्रक लागलेला होता, मुकादम हाका मारत होता. अनंतानं खोक्यावर कागद टेकवून सही केली. वाटणीचे पैसे आले, आणि पुढं काल्हेरला येताना त्यातूनच खोलीचं डिपॉझिट भरलं. त्या वेळी त्याला आनंदच झाला होता. दगडधोंड्यांचे पैसे झाले, आणखी काय हवं?

घरी येऊन त्यानं चंद्राला सांगितलं. ती भाकरी थापत होती. आधी तिला हसू आलं, मग हात परातीतच राहिला.

"म्हंजे आपलंच टेकाड?"

"आपलंच."

"तुमी हमालीला हितं आलात, आनि टेकाड तुमच्या आदीच हितं येऊन बसलं व्हतं." ती त्याच्याकडं बघतच राहिली. "दहा-बारा वरसं आपल्याच टेकाडावर बसून भाकरी खाल्लीत तुमी. आनि मी डबा देत व्हते!"

पुढच्या रविवारी दोघं एसटीनं अंबाडीला उतरले आणि पुढं चालत गावात गेले. अनंता सणावाराला गावी यायचा, पण टेकाडाच्या बाजूला वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. तिकडं बघायला काही उरलं नाही, असं विशालनंच एकदा सांगितलं होतं.

खरंच उरलं नव्हतं. जिथं टेकाड होतं तिथं सपाट मैदान होतं, गावातली पोरं क्रिकेट खेळत होती. मैदानाच्या कडेला मात्र एक मातीचा खुंट उभा होता, माणसाहून बराच उंच, आणि त्याच्यावर विजेचा खांब. पोकलेन गोल फिरला होता तेवढीच माती वाचली होती. उन्हात तिचे पट्टे स्पष्ट दिसत होते. वर गवताची मुळं. खाली राखेचा पट्टा. त्याखाली चोपून बसवलेली जमीन, मग पुन्हा राख, मग भाजलेली लाल माती. प्रत्येक पट्ट्यात खापऱ्या, आणि सगळ्या आडव्या. एकीची कड बाहेर आली होती. हिरवट निळी.

अनंतानं हात पुढं केला आणि मागं घेतला. एवढं मोठं टेकाड. त्यातले हे पट्टे, नदीच्या वळणापासून बांधापर्यंत, एकावर एक, कुणी हात न लावलेले. ते सगळं पोकलेननं उचललं, हिरामणदादानं ओतलं, रोलरनं दाबलं, आणि आता त्यावर काँक्रीट. आणि पहिली सही त्याची.

विशाल मागं येऊन उभा राहिला. आता तोही अर्धा पिकला होता. "दादा, मला काय ठाऊक यात काय हाय? तू तरी बोलायचं व्हतंस."

"मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"सही तूबी केलीस."

"केली," अनंता म्हणाला. भांडण तिथंच संपलं.

निशा मॅडम आठवड्याभरात येऊन गेल्या. खुंटाभोवती त्या इतक्या हळू फिरल्या की पोरांनी खेळ थांबवला. त्यांनी फोटो काढले, मोजमापं घेतली, काहीही उचललं नाही. अनंतानं विचारलं, "मॅडम, इथं बंदर नव्हतं, मग रांजण कसा आला?"

"बंदरात उतरलेला माल इथवर पोचला, एवढं दिसतंय. नदीकाठ आहे, घाटाकडं जाणारी वाट जवळून गेली असेल. मुक्कामाची जागा असेल, बाजार असेल. खणल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका."

"एक सांगतो. रांजण चालत आला नाही. कुणीतरी इथं उचलून आणला."

मॅडम पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "ते मात्र सांगा."

खणायच्या परवानगीसाठी त्या अर्ज करणार होत्या. वेळ लागेल म्हणाल्या, कदाचित वर्ष, कदाचित जास्त. विशालनं खुंटाच्या पायथ्याची ढासळलेली माती दाखवली. "एवढा वेळ हे राहील का पन? सुरुवातीला ह्याच्या दुप्पट व्हता. दर पावसाळ्यात एक कड जाते. बोर्ड म्हनतंय, खांब पडायच्या आत हलवतो. एकदा खांब हलला का गाववाले हे पाडून ग्राउंड वाढवनार."

पावसाळा पुढ्यात होता.

अनंताच्या पोस्टात थोडे पैसे होते. हमालीतून काढून ठेवलेले. निबंध वाढवून त्याचं पुस्तक छापायचं, असं त्यानं ठरवलं होतं. चंद्राला ते ठाऊक होतं. परतीच्या एसटीत तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "पुस्तकाचं काय मग?"

"पुस्तकात आता काय लिहू? चपलेवर लिहू? आधी तो खुंट उभा राहिला पाहिजे. भोवती गडगा घालू."

थोड्या वेळानं चंद्रा म्हणाली, "गडग्याला दगड गावात महाग लावतील. खदानीवर जाऊन बघा."

अनंतानं खाडे टाकले. वर्षानुवर्षं न टाकलेले सगळे एकदम. गावच्या मंडळींपुढं विशाल बोलला, आणि जागा दोघा भावांचीच असल्यानं कुणी आडवं आलं नाही. पोरांनी खेळपट्टी फिरवून घेतली. मॅडमनी फोनवर सांगितलं तसं खुंटापासून हातभर जागा सोडून भोवती दगडाचा गडगा घेतला, पाया खणला नाही, वरूनच रचला. गडगा रचायचा म्हणजे मातीगाऱ्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड. खदानीतला काळा दगड तीन तोंडं फिरवून बघायचा, चौथं बसतं. मोठ्यांच्या फटीत चिपा ठोकायच्या, पण पाणी जायला वाट ठेवायची. विशालचे दगड अनंतानं दोनदा उतरवले. विशाल चिडला. "हे गोदाम हाय का, दादा?" तिसऱ्यांदा मात्र त्यानं स्वतःच उतरवले.

गडगा उभा राहिला तेव्हा मुकादमाचा फोन आला, ट्रक लागलेत, कधी येतोस. अनंता म्हणाला, उद्या.

एवढ्या वर्षांच्या हमालीतून शिल्लक राहिलं त्याचं शेवटी हे झालं: टेम्पोभर काळा दगड, तो आणायचं भाडं, गावच्या दोन गडगेकऱ्यांची मजुरी, वरून पाऊस अडवायला एक जाड ताडपत्री आणि ती बांधायला दोरखंड.